व्याख्येबाहेरचा कामगार



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी चाल आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही, ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि नगरवाचनालयाने शिकविले. तेव्हा मी पाहिले तेवढेच सांगतो. पाहिले तेही दूरदर्शनच्या पडद्यावर, हे आधीच कबूल करून टाकतो.

१९९४ चा एप्रिल. मी चोविशीतला, यंत्रमागावर रात्रपाळीला. कामावर जाण्याआधी आम्ही कचेरीत बातम्या पाहत असू. २७ तारखेला दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाने प्रथमच सरसकट देशाच्या निवडणुकीत मत दिले. कॅमेरा सरकत होता, तरी रांग संपत नव्हती. काठी टेकलेल्या म्हाताऱ्या, पोरे पाठीशी बांधलेल्या बाया. शेजारी आमचे अण्णा बसले होते, जुने कामगार. म्हणाले, "रॉकेलच्या रांगेत जन्म गेला माझा. तिथं भांडणं होतात. इथं कुणी भांडत कसं नाही?" पंचाहत्तरीच्या नेल्सन मंडेलांनी डर्बनजवळ इनांडाच्या शाळेत आयुष्यातले पहिले मत टाकले. गांधीजींचा फिनिक्स आश्रम तेथून जवळच.

पुढे त्या देशाच्या १९२४ च्या औद्योगिक कायद्याविषयी वाचले. त्यात कामगाराची व्याख्या होती आणि जवळ पास बाळगावा लागणारा आफ्रिकी मजूर तीत बसतच नव्हता. जमिनीच्या पोटात उतरून सोने काढणारा माणूस कायद्याने कामगार नव्हे! मला हसू आले नाही. "हा आमचा कामगारच नव्हे," असे मालकाच्या वकिलाने कोर्टात म्हटलेले मी कैक वेळा ऐकले आहे.

ती व्याख्या आपोआप बदलली नाही. १९७३ मध्ये डर्बनचे हजारो मजूर वीटकारखान्यांतून, कापडगिरण्यांतून बाहेर पडले. १९७९ मध्ये सरकारला त्यांच्या युनियनना मान्यतेचा मार्ग मोकळा करावा लागला. १९८७ मध्ये लाखो खाणमजुरांनी तीन आठवडे संप केला. मागणी पदरात न पडता परतले, हजारो बडतर्फ झाले. हरलेला संप म्हणतात त्याला. म्हणोत. सात वर्षांनी त्या रांगेत हीच माणसे उभी होती.

पण १६ ऑगस्ट २०१२ लाही मी बातम्या पाहत होतो. मारिकानाच्या प्लॅटिनम खाणीवर पोलिसांनी ३४ संपकरी गोळ्या घालून मारले. सरकार त्याच मतांनी निवडलेले. १९८७ च्या संपाचे पुढारी सिरिल रामफोसा तेव्हा त्या खाणकंपनीच्या संचालक मंडळावर होते. त्यांचे छायाचित्र आमच्या कचेरीत होते. काढायचे की ठेवायचे, यावर दोन बैठकी झाल्या. शेवटी तसेच राहिले. अण्णा तोवर वारले होते.

१९९४ ची रांग फुकट गेली असे मात्र मी म्हणणार नाही. मारिकानाची उघड चौकशी झाली, मेलेल्यांच्या बायका समोर बसून ऐकत होत्या. संपकऱ्यांनी महिना १२,५०० रँड मागितले होते. तो आकडा मी फळ्यावर आमच्या मजुरीच्या मागणीशेजारी लिहिला. पुष्कळ दिवस तो कोणी पुसला नाही.