बारमाही टायर कुणी घ्यावेत?
(जर्मनीतील मराठी मंडळींसमोर शरद व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

पुण्या-नाशकात टायर बदलायचा तो गुळगुळीत झाल्यावर. इथं मात्र धडधाकट टायरही ऋतू पालटला म्हणून उतरवतात. ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी, पुढं उन्हाळी, असा रिवाज. कायद्यात तारीख नाही. रस्त्यावर बर्फ किंवा निसरडा थर असेल तर हिवाळ्याचे टायर हवेत, नाहीतर ६० युरो दंड आणि चालकाच्या नोंदीत एक दोष-पॉइंट. मग प्रश्न येतोच, वर्षभर एकच बारमाही संच चढवला तर?

चढवा, पण दुकानात जाण्याआधी आपली गाडी वर्षभर कुठं कुठं जाते ते आठवा. उन्हाळी टायरचं रबर साधारण सात अंशांखाली ताठरू लागतं. हिवाळी टायर मऊ, वर केसासारख्या चिरा. त्यांच्या कडा बर्फाला धरतात. पण तोच मऊपणा जुलैत नडतो. तापलेल्या ऑटोबानवर ब्रेक दाबला की गाडी लांब जाऊन थांबते. बारमाही टायर या दोघांच्या मधला. त्याला ‘एक ना धड’ म्हणणारे मेकॅनिक भेटतील, आणि ते अगदीच खोटं बोलत नाहीत. तरी फ्रँकफुर्ट-कोलोनकडे, जिथं बर्फ चार दिवसांचा पाहुणा आणि गाडी शाळा-बाजार-ऑफिस एवढीच फिरते, तिथं मी बिनदिक्कत बारमाहीच घेईन. आल्प्सच्या पायथ्याला चढावर घर असेल किंवा उन्हाळ्यात सामान खच्चून भरून इटली गाठायची असेल, तर दोन संच घ्या. दोन संचांचा खर्च दुप्पट नसतो, झीज वाटली जाते. जादा जातं ते रिम, मजुरी आणि ठेवणावळ. तळघरात जागा नसली तर दुकानदार पैसे घेऊन टायर ठेवून घेतात. त्याला इथं ‘टायरांचं हॉटेल’ म्हणतात. आपल्याकडच्या पाहुण्यांची बडदास्त इतकी राहत नाही!

आता टायरच्या कुशीवरची खूण बघा. तीन शिखरांचा डोंगर, आत हिमफूल. ती बर्फावरच्या चाचणीनंतरच मिळते. नुसती ‘एम प्लस एस’ ही अक्षरं म्हणजे कंपनीनं स्वतःच म्हटलेलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत हिवाळ्यासाठी ते चालत नाही. अमेरिकेत गुडइयरनं १९७७ मध्ये टिएम्पो टायर आणला तेव्हापासून ‘ऑल सीझन’ म्हणजे बारमाही टायर तिथं सर्रास झाले, पण त्यांतल्या बऱ्याच टायरांवर हा डोंगर नसतो. तेव्हा न्यू जर्सीच्या मावसभावाचा सल्ला प्रेमानं ऐकून घ्या आणि सोडून द्या. डोंगराची खूणही बर्फापुरतीच हं. काचेसारख्या गोठलेल्या रस्त्याची हमी ती देत नाही.

ऑस्ट्रियाला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. जर्मनीत नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, रस्ता हिवाळी असेल तर, रेडियल टायरला ४ मिलिमीटर. म्हणजे साडेतीन उरलेले तुमचे बारमाही टायर साल्झबुर्गच्या सीमेपर्यंत हिवाळी, आणि सीमा ओलांडली की कायद्यानं उन्हाळी! खोली मोजायची पट्टी स्वस्तात मिळते. स्कीइंगचं बुकिंग करण्याआधी चारही टायर मोजून घ्या.