शेवटच्या चौकीपर्यंत

फौजेत एक धडा मिळाला: रसद डेपोत पोचली म्हणजे चौकीवरच्या जवानाला मिळाली, असं नसतं. सॅनिटरी पॅडचंही तेच. 2018 साली त्यावरचा जीएसटी गेला. 2019 पासून जनऔषधी केंद्रात एका रुपयाला एक पॅड मिळतं. कर्नाटकची 'शुचि' योजना शाळकरी मुलींसाठी आहे. मग आपल्या बेंगळुरूत बांधकामावर राबणारी, शाळा सुटलेली पोरगी? तिला ना शाळा, ना केंद्राचा पत्ता. शिवाय पॅड बदलायला आतून कडी लागणारी जागा हवी. शेजारी बांधकाम चालू असेल, तर मुकादमाला विचारा: बायकांसाठी संडास आहे? पॅड ठेवता? मी विचारलं, तेव्हा आधी माझीच जीभ अडखळली. तरी विचारा. जय हिंद.