नोकरीची वार्ता कुठून येते?



पिंपळगाव रेणुकाईत बाजाराची भाषा कुणाला नव्याने शिकवावी लागत नाही. भोकरदन तालुक्यातील हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध. हंगामात परप्रांतांतील व्यापारी येथे खरेदीला उतरतात. तोडलेली मिरची घरात राखून ठेवता येत नाही. म्हणून तोडणीला मजूर लावण्यापूर्वी शेतकरी चार ठिकाणी विचारपूस करतो. आवक किती, भाव काय, कोणत्या मालाला उठाव आहे? त्याच शेतकऱ्याचा पदवीधर मुलगा मात्र नोकरीच्या बाबतीत जाहिरात निघण्याची वाट पाहत बसतो.

या प्रतीक्षेचे मोल मोठे आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. स्पर्धा परीक्षा देऊच नये, असे कुणी म्हणणार नाही. परंतु अभ्यासिकेचे शुल्क, शहरातील खोलीचे भाडे आणि त्यापायी वडिलांनी काढलेले कर्ज यांचा हिशेब घरात मोठ्याने कधीच मांडला जात नाही. किती प्रयत्न करावयाचे आणि कोणत्या वर्षी थांबावयाचे, हे बापलेकांनी आरंभीच ठरविले तर पुढची कटुता टळते.

खासगी क्षेत्रात तर पुष्कळ जागा जाहिरातीपर्यंत पोहोचतच नाहीत. ओळखीतूनच भरल्या जातात. यास कुणी 'वशिला' म्हणून नाक मुरडील. वस्तुतः वशिला निराळा आणि वार्ता निराळी. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये या विषयावरील अभ्यास प्रसिद्ध केला. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांना त्याने विचारले की, ही व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटत असे? वारंवार भेटणाऱ्यांकडून वार्ता मिळालेले सुमारे १७ टक्केच निघाले. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून सुमारे ५६ टक्के आणि क्वचितच भेटणाऱ्यांकडून सुमारे २८ टक्के लोकांना ती मिळाली होती. कारण उघड आहे. रोज पारावर बसणाऱ्या चौघांना जे ठाऊक असते, ते आपल्यालाही ठाऊकच असते.

मुंबईच्या गिरणगावाने याची दुसरी बाजू दाखविली. कोकणातून वा घाटावरून आलेला तरुण गावाच्या नावाने चालणाऱ्या खोलीत उतरे. खोलीतील कुणी जॉबरपाशी शब्द टाकी आणि तो बदली कामगार म्हणून गिरणीत लागे. व्यवस्था जलद होती, मायेचीही होती. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि लांबत गेला, तेव्हा अख्ख्या खोलीचे वेतन एकदम थांबले. सारेच एका धंद्यातले. दुसऱ्या धंद्यातील रिकाम्या जागेची वार्ता त्या खोलीत आणणार कोण?

म्हणून दूरच्या ओळखी जागत्या ठेवाव्यात. जालन्याच्या सळई कारखान्यांत, बियाणे उद्योगात, वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत, पुण्याजवळ चाकणला या भागातील तरुण काम करतात आणि दिवाळीला घरी येतात. त्यांना गाठावे, मात्र "कुठे काही असेल तर बघा" असे सांगू नये. असे वाक्य ऐकणारा मान डोलावतो आणि विसरतो. "दोन वर्षे ट्रॅक्टरच्या दुकानात सुट्या भागांचा साठा सांभाळला, संगणकावर हिशेब येतो, भांडार विभागात काम हवे, पंधरा दिवसांत रुजू होता येईल" इतके नेमके सांगितले, की ऐकणाऱ्याला आपल्या साहेबांपुढे उच्चारण्यासारखे काही मिळते. कामावर असलेल्याने दुसरे काम पक्के होईपर्यंत पहिले सोडू नये. मधला रिकामा काळ मुलाखतीत आणि घरात, दोन्हीकडे बोचतो.

अनुभवच नाही, त्याला शिकाऊ उमेदवारीचे दार आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. २०१९ च्या सुधारित नियमांनी तीस वा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले. विद्यावेतन थोडे असते, हे खरे. पण कारखान्याच्या आतील माणसांशी ओळख होते. नोकरीसाठी आधी पैसे मागणाऱ्याच्या दारी मात्र जाऊ नये, मग तो कितीही मोठे नाव घेवो.

मुलींचा प्रश्न अधिक बिकट आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. पार, चहाचे दुकान, बाजाराचा ओटा ही वार्तेची ठिकाणे पुरुषांची. बी.एस्सी. झालेली मुलगी तेथे उभी राहू शकत नाही, म्हणून तिच्यापर्यंत येणारी वार्ता आधी वडील वा भाऊ गाळून घेतात. तिच्या महाविद्यालयातील प्राध्यापिका, आईचा बचत गट, जालन्याला दिलेली मावसबहीण, रुग्णालयात नोकरीला असलेली जुनी वर्गमैत्रीण या तिच्या दूरच्या ओळखी होत. त्यांना दूरध्वनी करावयास तिला कुणाची अनुमती लागू नये. आणि उत्तर आले, तर पहिल्या दिवशी तिच्यासोबत बसने जालन्यापर्यंत जाण्याची तयारी घरातील कुणीतरी आजच दाखवावी.