फुंकणी आणि श्वासाचं माप

गटाच्या बैठकीत मध्ये रेडिओ ठेवून ऐकणाऱ्या सगळ्याजणींना नमस्कार, आणि चुलीपुढे बसून एका कानानं ऐकणाऱ्यांनाही. आजचं बोलणं खरं तर त्यांच्यासाठीच आहे.

आम्ही दोघी पुण्यात शनिवार पेठेत श्वासाच्या तपासण्या करतो. मनपाच्या स्टँडवर उतरून नवा पूल ओलांडला की शनिवारवाडा दिसतो. तिथून जवळच एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर आमची खोली आहे. दम लागणाऱ्या माणसांची तपासणी जिना चढून कशाला, असं सगळेच विचारतात. भाडं परवडतं म्हणून, दुसरं काही नाही. पण त्या जिन्यानं आम्हाला पुष्कळ शिकवलं. बाई किती वेळा थांबत वर आली, नाव सांगताना मध्येच श्वास घ्यावा लागला का, हे आम्ही यंत्राआधी बघतो.

"काय होतंय मावशी?" असं विचारलं की दहातल्या आठजणी म्हणतात, "काही नाही गं, वय झालं." विहिरीवरून येताना दोनदा बसावं लागतं, सकाळी तासभर खोकला येतो, तरी वयच झालं. आणि वय विचारावं तर पन्नास!

विडी-सिगारेट ओढणाऱ्याची फुफ्फुसं खराब होतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण ज्यांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही, त्यांचं काय? तेव्हा पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेल्या डॉ. संदीप साळवी यांनी लंडनच्या पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नेमका हाच विषय मांडला. जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी, आणि लाकूड, गोवऱ्या, काडीकचरा यांच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी, असा हिशेब त्यांनी दिला. आपल्या श्वासनळ्या या धुरानं वर्षानुवर्षं सुजत जातात आणि अरुंद होतात. डॉक्टर या आजाराला सीओपीडी म्हणतात. दमा वेगळा. दम्यात नळ्या आवळतात आणि औषधानं बऱ्याच मोकळ्या होतात. सीओपीडीत त्या पूर्ण मोकळ्या होत नाहीत. बाहेरून दोघींची धाप सारखीच दिसते, म्हणून मोजावं लागतं.

हे मोजण्याचं यंत्र म्हणजे स्पायरोमीटर. लंडनच्या जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरनं १८४६ साली ते जगापुढे आणलं आणि दोन हजारांवर माणसांचा श्वास मोजला. तत्त्व अजून तेच आहे. छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि जीव खाऊन फुंकायचं. नाकाला चिमटा लावतात, म्हणजे हवा तिकडून निसटत नाही. तुम्हाला हे शिकवायची गरज नाही, तुम्ही रोज फुंकणी फुंकता. फरक एवढाच की फुंकणीत आपण थांबून थांबून फुंकतो. इथे एकदा सुरू केलं की छातीतली हवा संपेपर्यंत थांबायचं नाही.

यंत्र दोन आकडे देतं: पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली, आणि सगळी मिळून किती. चांगल्या फुफ्फुसातून शंभरातली पंच्याहत्तर-ऐंशी भाग हवा पहिल्याच सेकंदात बाहेर येते. नळ्या अरुंद असल्या की हवा रेंगाळत येते. मग पंपातून औषध देऊन पंधरा मिनिटं बसवतात आणि परत फुंकायला लावतात. औषधानंतरही सत्तरपेक्षा कमी आलं तर डॉक्टर सीओपीडीचा विचार करतात.

शिकायला लागलो तेव्हा आम्हाला वाटलं, यंत्र आकडे देतंय, आपण फक्त लिहायचे. रोज सकाळी तीन लिटरच्या मोठ्या पिचकारीनं यंत्र बरोबर मोजतंय ना ते तपासायचं, उंची मोजायची, पाठ वाकलेली असेल तर दोन्ही हात पसरून लांबी घ्यायची, हे सगळं पाठ केलं. चूक झाली ती बोलण्यात.

एक मावशी आल्या होत्या. डोक्यावरून पदर, समोर जावई बसलेला. नळी तोंडात धरायचीच त्यांना लाज वाटत होती. तीन सेकंद फुंकलं आणि थांबल्या. आम्हाला त्यांची दया आली, "बस, झालं" म्हणालो. पहिल्या सेकंदाची हवा १.१ लिटर, एकूण १.४९. हिशेब केला तर शंभरात चौऱ्याहत्तर. म्हणजे ठीक! आम्ही खुशीत रिपोर्ट लिहायला घेतला. शिकवणाऱ्या मॅडमनी कागदावरची रेघ बघितली. रेघ हळूहळू सपाट व्हायच्या ऐवजी मध्येच तुटली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "यांची हवा संपली नाही, तुमचा धीर संपला."

जावयाला बाहेर बसवलं. एकीनं मावशींच्या शेजारी बसून स्वतः फुंकून दाखवलं. मग दुसरी मोठ्यानं ओरडत राहिली, "फुंका, फुंका, अजून, अजून, अजून थोडं, सोडू नका!" खालच्या दुकानातला माणूस वर बघायला आला, इतकं ओरडलो. या वेळी त्या नऊ सेकंद फुंकत राहिल्या. पहिल्या सेकंदाची हवा तीच, १.१. पण एकूण आली १.८. शंभरात एकसष्ट. औषध देऊनही फारसा फरक पडला नाही. लवकर थांबलं की एकूण हवा कमी मोजली जाते आणि आजारी फुफ्फुस कागदावर चांगलं दिसतं. तो पहिला कागद गेला असता तर मावशी "वय झालं" म्हणत घरी परतल्या असत्या, आणि तेही आमच्या सहीनं.

म्हणून आता निदान तीन फुंका चांगल्या येईपर्यंत आम्ही सोडत नाही, आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन एकमेकींशी जुळायला हव्यात. तुम्ही तपासणीला गेलात आणि कुणी एकदाच फुंकून घेऊन "झालं" म्हटलं, तर बेधडक विचारा, "अजून दोनदा नको का?"

आता दुसरी तपासणी. कोरोनात सगळ्यांनी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर पाहिलं. त्यात ऑक्सिजन कळतो. पण श्वासाची कामं दोन आहेत, ऑक्सिजन आत घेणं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं. दुसरा म्हणजे शरीराचा धूरच समजा. धुराडं तुंबलं तर चूल पेटलेली दिसते, पण घर धुरानं भरतं. ते भरणं बोटावरच्या यंत्राला दिसत नाही. त्यासाठी मनगटातल्या धमनीचं रक्त घ्यावं लागतं, जिथे वैद्य नाडी बघतात तिथलं. याला एबीजी म्हणतात.

हे आम्ही रुग्णालयात शिकलो. नेहमीच्या रक्तापेक्षा हे जास्त दुखतं, खोटं कशाला सांगू? सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर आकडे बदलतात, आणि नमुना अर्ध्या तासाच्या आत यंत्रावर जावा लागतो. सुई काढल्यावर पाच मिनिटं घट्ट दाबून धरायचं. तेवढा वेळ आम्ही आजींचा हात धरून बसतो आणि गप्पा मारतो.

तिथे एक आजी आल्या होत्या. घरी ऑक्सिजनचं यंत्र होतं. बोटावर ९० दिसलं की मुलगा घाबरून ऑक्सिजन वाढवायचा, ९८ करायचा. आजी सकाळी डोकं धरून बसायच्या, दिवसा बोलता बोलता पेंगायच्या. घरच्यांना वाटलं, बरं झालं, झोप लागते. रक्त तपासलं तर कार्बन डायऑक्साइड ६८. असायला हवा ३५ ते ४५. रक्ताचा पीएच ७.३५ च्या खाली उतरलेला, म्हणजे रक्त आंबट झालेलं. अशा रुग्णाचा ऑक्सिजन बहुधा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात. जास्त दिला तर आतला धूर आणखी साचू शकतो. आजींना मास्कच्या यंत्रावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागितला. मुलानं प्रेमापोटीच केलं होतं, त्याला आम्ही दोष देत नाही. पण ऑक्सिजनचं बटण आपल्या मनानं वाढवायचं नाही आणि आपल्या मनानं बंदही करायचं नाही.

ही तपासणी रुजली ती १९५२ साली, डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या पोलिओ साथीत. मुलं श्वास घेऊ शकत नव्हती. शेकडो विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस हातानं पिशव्या दाबून त्यांना श्वास दिला, आणि रक्त मोजून कळलं की मुलं कार्बन डायऑक्साइड साचून दगावत होती.

पंपाबद्दल एक शब्द. "पंपाची सवय लागते" असं गावोगाव म्हणतात. चष्म्याची लागते तशीच म्हणा! पंपात औषध थेट नळीत जातं, म्हणून थोडंसं पुरतं. लग्नाच्या मुलीचा पंप पदराखाली लपवणाऱ्या आया आम्ही रोज बघतो. त्यांच्यावर रागावता येत नाही, पण पोरीला धाप लागलेली बघवतही नाही.

आणि चूल. उज्ज्वला योजना २०१६ ला आली, गॅस घरोघरी पोचला, तरी आंघोळीचं पाणी आणि भाकरी बऱ्याच घरी चुलीवरच. सिलिंडरचा भाव आम्हालाही ठाऊक आहे. निदान जळण वाळलेलं असू द्या, पाण्याची चूल उघड्यावर मांडा आणि बाळाला कडेवर घेऊन फुंकणी फुंकू नका.

तपासणीला येताना पोटभर जेवून येऊ नका, सैल कपडे घाला, आणि सकाळचा पंप घ्यायचा की नाही ते आधी डॉक्टरांना विचारा. नुकतंच डोळ्याचं, छातीचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, हार्ट अटॅक येऊन गेला असेल, खोकल्यातून रक्त पडत असेल, तर ते आल्याआल्या सांगा, जोरात फुंकायचं नसतं. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या, ती तिथे फुकट होते. आणि जावयाला बरोबर आणलंत तरी चालेल, आम्ही त्यांना बाहेर बसवू.