दिले की देतील?

काही वर्षांपूर्वी एका वृद्ध गोमंतकीय गृहस्थांना मी त्यांच्या घरचे एक जुने पोर्तुगीज पत्र वाचून दाखवीत होतो. नजर अधू झालेली. पोर्तुगीज मात्र १९६१ पूर्वीच्या शाळेत घटवलेली. पत्र कर्जासंबंधी होते. एका शब्दाशी त्यांनी मला अडवले. ‘‘मास्तर, नीट वाचा. भावांनी पैसे दिले, की देतील?’’

शब्द होता ‘पागाराँव’. पा-गा-राँव, तीन अक्षरे. आघात ‘गा’वर दिला की ‘त्यांनी दिले’. ‘राँव’वर दिला की ‘ते देतील’. लिहिताना दोहोंची शेपटे निराळी असतात, ती मला दिसतही होती. पण मराठी सवयीने मी तिन्ही अक्षरे सारख्याच वजनाने म्हटली! आपल्याकडे आघाताने क्रियापदाचा काळ पालटत नाही, मग कान तिकडे जाणार कसा? मी पुन्हा वाचले, ‘राँव’वर जोर देऊन. ‘‘म्हणजे देतील,’’ ते म्हणाले, आणि बराच वेळ गप्प राहिले.

पण खरी गंमत सर्वनाम मध्ये घुसते तेव्हा. ‘पागारेइ’ म्हणजे ‘मी देईन’. ‘त्याला देईन’ म्हणताना ‘ल्ये’ हे सर्वनाम क्रियापदाच्या पोटातच शिरते: ‘पागार-ल्ये-एइ’. असे का? मुळात ‘पागार’ म्हणजे ‘देणे’ आणि ‘एइ’ म्हणजे ‘मला आहे’. आपल्या ‘मला द्यायचे आहे’सारखेच. संस्कृतातले ‘दातास्मि’ आठवा: ‘दाता’ अधिक ‘अस्मि’. पोर्तुगीजात हे दोन तुकडे जुळले, पण सांधा पुरता बुजला नाही. त्या फटीत सर्वनाम बसते. मुख्य आघात शेवटच्या ‘एइ’वर.

‘जमते तर ते आम्ही फेडतो’ यातल्या ‘ते आम्ही फेडतो’ला एकच रूप: पा-गा-लो-ई-आ-मुश. ‘पागार’चा रकार ‘लो’पुढे गळाला. लिहिताना ‘गा’वर आणि ‘ई’वर अशा दोन आघातखुणा येतात, कारण खुणांपुरता आडव्या रेघेने तोडलेला प्रत्येक तुकडा स्वतंत्र शब्द मानतात. बोलताना भार ‘ई’वर.

पोर्तुगीज शब्दाचा आघात एरवी शेवटच्या तीन अक्षरांतच पडतो. पण ‘पागावामुश-ल्ये’, म्हणजे ‘आम्ही त्याला देत असू’, यात तो शेवटून चौथ्या ‘गा’वर जातो, मागून चिकटलेल्या ‘ल्ये’ला स्वतःचा आघात नसतो ना!

पोटात सर्वनाम घेणारी ही रूपे आता बोलण्यात क्वचितच येतात; ब्राझीलमध्ये तर जवळजवळ नाहीतच. जुन्या कागदांत मात्र ती भेटतात. तेव्हा आधी आडव्या रेघा पाहाव्यात, मधले सर्वनाम बोटाने झाकावे, आणि उरलेले क्रियापद मोठ्याने म्हणावे. मी अजून तसेच करतो.