ध्रुपद धरायला शिका



‘हरिपाठ म्हणायला शिकायचं आहे, क्लास कुठे असतो?’ हा प्रश्न हल्ली मला वरचेवर ऐकायला मिळतो. विचारणारे बहुतेक शहरातले असतात. कुणी नुकतंच निवृत्त झालेलं असतं, कुणाची मुलं परगावी गेलेली असतात, कुणी हौसेनं एखाद्या वर्षी वारीत चालून आलेलं असतं आणि तिथल्या हरिपाठाची चाल काही केल्या कानातून जात नसते. प्रश्नापाठोपाठ दोन शंकाही ठरलेल्या. माझा आवाज चांगला नाही, चालेल का? आणि मला सगळा अर्थ कळत नाही, चालेल का? आज मला याच मंडळींशी बोलायचं आहे.

हरिपाठ म्हणजे हरिनामाचा महिमा सांगणारी अभंगांची मालिका. निवृत्तिनाथ, नामदेव, एकनाथ, तुकाराम यांच्या नावावरही हरिपाठ आहेत. पण नुसतं ‘हरिपाठ’ म्हटलं की वारकऱ्याच्या मनात येतो तो ज्ञानेश्वर महाराजांचा. त्यात २७ अभंग. काही प्रतींत फलश्रुतीचा एक जोडून २८ होतात. गावातल्या देवळात तो दिवेलागणीला म्हणतात. अखंड हरिनाम सप्ताह बसला की पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथाभजन, सायंकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन असा सात दिवसांचा क्रम असतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. या क्रमात नवख्या माणसाला सहज शिरता येईल अशी जागा एकच आहे, ती हरिपाठाची. पारायणाला वाचता यावं लागतं, कीर्तन कीर्तनकाराचं असतं. हरिपाठाच्या रांगेत मात्र कुणीही येऊन उभं राहावं.

आता आवाजाची शंका. ती मिटवायची तर अभंगाची बांधणी पाहावी लागते. ज्ञानेश्वरांचा हरिपाठ मोठ्या अभंगात आहे. एका कडव्यात चार तुकडे; पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याच्या शेवटी यमक. लघु-गुरूचा हिशेब इथे नाही. अक्षरं तेवढी मोजायची आणि प्रत्येक अक्षर टाळाच्या ठेक्यावर बसेल इतकं लांबवायचं. संस्कृत स्तोत्र म्हणताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की वृत्त मोडतं; अभंग म्हणताना ती धास्ती नसते. ज्यांच्या हाती कधी पाटी-पेन्सिल आली नाही अशा बायामाणसांच्या तोंडी शेकडो अभंग पिढ्यान्‌पिढ्या टिकले. त्यांच्या श्रद्धेला तर हात जोडावेतच, पण या बांधणीलाही जोडावेत. यमक पुढचा शब्द आठवून देतं. आणि चौथा तुकडा आखूड आहे, तिथे जी मोकळी जागा राहते तिच्यात दम घेता येतो. हे पुस्तकात वाचून पटत नाही. चार दिवस म्हटलं की छातीलाच कळतं.

शिवाय तुम्ही एकटे म्हणत नसता. दोन रांगा समोरासमोर उभ्या असतात. मध्ये विणेकरी आणि पखवाज. एका रांगेनं चरण म्हणायचं, दुसरीनं ते उचलायचं, आणि चरणामागून ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी पालुपदाची ओळ, यायचं, ते सगळ्यांचं. तुमची रांग थांबलेली असते तेव्हा तुम्ही समोरच्यांचं ऐकत असता. खरं शिक्षण त्या थांबण्यात होतं. समोरच्या रांगेतले म्हातारे बाबा एखादं अक्षर कुठे लांबवतात, कुठे सोडून देतात, हे कानावर पडत राहतं आणि पुढच्या खेपेला तुमच्या तोंडून ते तसंच निघतं. कुणी शिकवलं असं म्हणताच येत नाही.

मी स्वतः हरिपाठ म्हणायला लागले ती चाळिशी उलटल्यावर. आमच्या बुवांनी पहिले कित्येक दिवस हातात टाळ दिलेच नाहीत. आधी टाळी वाजवा म्हणाले. टाळ काशाचे असतात, चांगले वजनदार. नवा माणूस ते उत्साहानं जोरात आपटतो, आणि मग त्याला स्वतःच्या टाळांखेरीज काही ऐकू येत नाही. बुवांनी एक खूण सांगितली होती. आपल्या टाळांचा आवाज रांगेत वेगळा ऐकू यायला लागला की समजायचं, हात सैल सोडायची वेळ झाली. पुढे पावली आली. एक पाऊल पुढे, थोडं वाकायचं, पुन्हा मागे. पखवाजाच्या डाव्या अंगावर कणीक लावलेली असते, त्यातून जो भरदार घुमारा येतो त्यावर पाय पडतो. हे सगळं जमायला लागलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मन एकाग्र करण्यासाठी मी निराळं काहीच करत नाही. हात टाळांत, पाय पावलीत, जीभ अक्षरांत आणि कान समोरच्या रांगेत. मनाला भटकायला वाव कमी. तरी ते भटकतंच, घरच्या गॅसपासून लेकीच्या परीक्षेपर्यंत सगळीकडे जाऊन येतं. पण दर थोड्या वेळानं ध्रुपद येतं, आणि ध्रुपदावर ते परत येतं. साधना म्हणतात ती मला तरी या परत येण्यातच दिसली आहे.

ज्यांना हे फार सामान्य वाटतं त्यांनी तुकाराम महाराजांची हकीकत आठवावी. १६३०च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यात महाराजांचा व्यापार बसला, घरातली माणसं गेली. पुढे काय झालं ते त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात सांगितलं आहे. मोडकळीला आलेलं देऊळ त्यांनी सुधारलं आणि एकादशीला कीर्तन करू लागले. सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हतं, हे ते स्वतःच सांगतात. मग संतांची काही वचनं त्यांनी विश्वासानं आणि आदरानं पाठ केली. आणि पुढे उभं राहून जे गात, त्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद धरलं. ज्यांच्या अभंगांवर आज महाराष्ट्रभर कीर्तनं होतात, त्यांच्या शिक्षणाचा हा क्रम आहे. आधी मागची रांग, थोडं पाठांतर, पुष्कळ आदर. कवित्व त्यानंतर आलं. भजन शिकू इच्छिणाऱ्याला याहून अधिकारी मार्गदर्शन मला ठाऊक नाही.

आता दुसरी शंका, अर्थाची. ही शंका रास्त आहे. हरिपाठातल्या काही ओळी सोप्या वाटतात आणि आत खूप खोल आहेत. सगुण-निर्गुण, द्वैत-अद्वैत, योग, सगळं त्यांत येऊन जातं. सार्थ हरिपाठाची पुस्तकं आळंदी-पंढरपूरच्या कुठल्याही दुकानात मिळतात, ती जरूर घ्यावीत. पण अर्थ पूर्ण कळेपर्यंत म्हणायला सुरुवात करायची नाही असं कुणी ठरवलं, तर मी त्यांना सोनोपंत दांडेकरांचं नाव सांगते. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान ज्यांच्या बोटांवर होतं असा हा माणूस वारकरी म्हणून जगला. त्यांचे गुरू विष्णुबुवा जोग. या जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तोवर वारकऱ्यांचं शिक्षण घरोघरच्या परंपरेतून आणि फडांवर, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत समूहांत, होत आलं होतं. जोग महाराजांनी त्याला शाळेचं रूप दिलं. चार वर्षांचा अभ्यासक्रम, ज्ञानेश्वरी, गाथा, गायन, मृदंग. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांनी तिथे मधुकरी मागून हे शिक्षण घेतलं, आणि महाराष्ट्रातले कितीतरी कीर्तनकार तिथूनच घडले. तिथेही पाठांतर आधी आणि विवरण मागाहून, हाच रिवाज. तोंडात बसलेली ओळ आयुष्यभर सोबत असते. तिचा अर्थ कधी प्रवचनात उलगडतो, कधी दवाखान्याच्या बाकावर बसलेलं असताना.

रेडिओबद्दलही बोललं पाहिजे. भीमसेन जोशींची संतवाणी, बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ, हे स्वर घराघरांत पोचले ते रेडिओमुळे आणि ध्वनिमुद्रिकांमुळे. माझी स्वतःची कित्येक अभंगांशी पहिली ओळख सकाळच्या भक्तिसंगीतातच झाली, त्या ऋणातून मी कधी मोकळी होणार नाही. पण इतके थोर गळे ऐकून ऐकून आपण आपलं तोंड मिटून घेतलं, ही गोष्ट माझ्या मनाला लागते. मैफलीत बसून ऐकणं हा वेगळा आनंद आहे, तो घ्यावाच. हरिपाठ मात्र आपल्या तोंडानं म्हणायचा असतो. फाटक्या आवाजाचा, खोकणारा, मध्येच शब्द विसरणारा माणूस रांगेत चालतो. मनातल्या मनात म्हणणारा तिथे उभा असला तरी रांगेला त्याचा उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट रांगेत शिकायला मिळते, ती म्हणजे थांबणं. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या जमलेल्या, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार आपला दंड उंच करतात आणि सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तेवढीच दिंडी टाळ वाजवत ठेवते. मग तिची तक्रार ऐकून घेतली जाते आणि आरती होते. एवढ्या प्रचंड समुदायाला हे जमतं, कारण त्यातल्या प्रत्येकानं कुठल्यातरी लहानशा देवळात दुसऱ्याच्या टाळाकडे कान देऊन उभं राहायची सवय केलेली असते.

म्हणूनच हल्लीच्या काही सप्ताहांतलं चित्र मला पटत नाही. चार भोंगे, दोन गायकांच्या हातात माईक, आणि समोर बसलेले लोक नुसते ऐकणारे. माईकवरचा एकच आवाज सगळ्या रांगेचे आवाज गिळतो. रांगेतल्या माणसाला आपल्या शेजाऱ्याचा सूर ऐकू येईना, मग तो हळूहळू ओठ हलवायचंही सोडतो. आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे. कीर्तनाला हवा तर ध्वनिक्षेपक लावा, हरिपाठाला तो बंद ठेवा.

ज्यांच्या जवळपास देऊळ नाही, किंवा संध्याकाळी ज्यांना घर सोडता येत नाही, त्यांनी घरी सुरुवात करावी. आधी ध्रुपद पाठ करावं. मग आठवड्याला एक अभंग. या गतीनं गेलं तरी सहा-सात महिन्यांत सगळा हरिपाठ तोंडपाठ होतो. मोबाइलवर बघून म्हणू नका. नजर ओळीवर खिळली की कान मिटतात. घरात आणखी एक माणूस मिळालं तर फार चांगलं, दोघांच्या दोन रांगा होतात. नाम घ्यायला काळवेळ लागत नाही हे हरिपाठच सांगतो, पण सवय लागेपर्यंत आपण एक वेळ ठरवून घ्यावी. दिवा लावल्यानंतरची वेळ उत्तम. बायकांना मी मुद्दाम सांगते. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांचे अभंग ज्या परंपरेत मानानं म्हटले जातात, त्या परंपरेत टाळ हाती घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. गावोगावची महिला भजनी मंडळं बघा. मुली पखवाज शिकत आहेत, सप्ताहात वीणा घेऊन पहाऱ्याला उभ्या राहत आहेत.

तेव्हा क्लासची चौकशी थांबवा. आपल्या वस्तीत, शेजारच्या गावात, जिथे हरिपाठ होतो ते देऊळ शोधा आणि या आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी तिथे जा. चपला बाहेर काढा आणि शेवटच्या रांगेत उभे राहा. तुमचं नाव, गाव, शिक्षण कुणी विचारणार नाही. ‘या माउली’ म्हणून सरकून जागा करून देतील. पहिल्या दिवशी फक्त ध्रुपद धरा. पण मोठ्यानं धरा.

रामकृष्णहरी.