मांडव गावात घाला



अध्यक्षाने आभार मानावेत, दोन गोड शब्द बोलावेत आणि खाली बसावं, अशी रीत आहे. आज ती मोडतो. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या या सभागृहात सकाळपासून जागतिक दारिद्र्यावर भाषणं चालली आहेत. आफ्रिका आली, बांगलादेश आला. आपल्याच जिल्ह्यातली लोहा, कंधार, मुखेड ही नावं मात्र कुणाच्या तोंडी आली नाहीत. याला माझा जाहीर विरोध आहे.

आजचा, १७ ऑक्टोबरचा, दारिद्र्य निर्मूलनाचा दिवस आला कुठून? १९८७ साली पॅरिसमध्ये जोसेफ व्रेझिन्स्की या पाद्र्याच्या हाकेवर लोक जमले. १९९२ साली संयुक्त राष्ट्रांनी तो दिवस साऱ्या जगाचा केला. व्रेझिन्स्की स्वतः दारिद्र्यात वाढलेला होता. गरिबीची चर्चा गरिबाला बाहेर ठेवून होऊ नये, हा त्याचा आग्रह होता. आणि आपण? पहिल्या रांगेत पाहुणे, मागे विद्यार्थी. ज्याच्या नावाने मांडव घातला तो इथे नाही.

तो कुठे आहे, सांगतो. दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी गावोगाव ट्रॅक्टर लागतात. ट्रॉलीत ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, सरपण, एखादी शेळी, आणि त्या गाठोड्यांवर बसवलेलं लेकरू. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, कधीच फिटलेली नसते. मागच्या हंगामाची बाकी नव्या उचलीत मिसळते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हिशेबात बाईचं नावच नाही, ती अर्धा कोयता! पहाटे फडात जायचं, रात्री वाढ्यांचे भारे बांधायचे, कोपीत चूल पेटवायची. लेकराचं नाव शाळेच्या पटावर आणि लेकरू उसात. हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. पण गाडी हलायच्या आत नावं नोंदली गेली नाहीत, तर ती योजना लेकराच्या काय कामाची?

जगाचा दारिद्र्य दिन आणि आपलं गाव रिकामं होण्याचे दिवस एकाच सुमाराला येतात. तरी आपण सभागृहात पाट्या धरून फोटो काढतो. मला याचा राग येतो, आणि तुम्हालाही यावा.

‘असल्या कार्यक्रमांनी काय होतं?’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. १९७२ च्या दुष्काळात याच मराठवाड्यातली माणसं खडी फोडायला रस्त्यावर उतरली. काम द्या, म्हणून मोर्चे निघाले. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची, म्हणजे मागेल त्याला काम देण्याची, कल्पना लावून धरली. तिचा राज्याचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. आणि पैसा? १९७५ पासून नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, तो या हमीसाठी. शहराने गावाच्या मजुरीचा भार उचलला. २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. जगभरच्या अभ्यासकांनी ज्याची दखल घेतली, ते दुष्काळी माणसांच्या मोर्चांतून उभं राहिलं. म्हणून कार्यक्रम निरर्थक असतात, हे मला मान्य नाही. निरर्थक असतो तो पाहुण्यांसाठी केलेला कार्यक्रम.

लेखकांना वेगळं सांगतो. ऊसतोड्यावर कथा लिहून पुरस्कार घेतलात, चांगलं झालं. आता त्याच वस्तीत जाऊन उचलीचा हिशेब कागदावर उतरवून द्या. तुम्हाला लिहिता येतं, त्याला ते लागतं. यापेक्षा मोठी वाङ्मयसेवा मला ठाऊक नाही.

माझी मागणी साधी आहे. पुढच्या १७ ऑक्टोबरला हे सभागृह बंद ठेवा. इथल्या विद्यापीठातल्या आणि अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या पोरांनी गटागटाने कंधार-मुखेडच्या तांड्या-वस्त्यांवर जावं. ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक लेकराचं नाव लिहून घ्यावं आणि ती यादी शाळेत देऊन तारखेची पोच घ्यावी. त्याआधी, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत रोजगार हमीच्या कामाची मागणी लेखी नोंदवायला मजुरांच्या सोबत उभं राहावं. गाडीभाड्याची वर्गणी इथेच, आत्ता गोळा करू. पहिलं नाव माझं लिहा.